खव्याचा नमुना ‘कमी दर्जाचा’ आला: अपील, खुलासा आणि फॅटचं गणित

प्रश्न थोडक्यात असा. सातारा शहरात कंदी पेढ्यांचं दुकान आहे, मागे भट्टी. खवा स्वतः आटवत नाही, तालुक्यातल्या दोन खवेवाल्यांकडून घेता. दिवाळीच्या तोंडावर अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांनी कढईत जायच्या आधीच्या खव्याचा नमुना नेला. आता अहवाल हातात आहे: एकूण घन पदार्थ ६१ टक्के, कोरड्या वजनावर फॅट २८.२ टक्के, आम्लता ठीक, बी.आर. रीडिंग (फॅट दुधाचंच आहे की परकं, याचा अंदाज देणारं मोजमाप) मर्यादेत, स्टार्च नाही. शेरा ‘कमी दर्जाचा’. खवेवाला म्हणतो, ‘माझा खवा शुद्ध दुधाचा, तुमचं तुम्ही बघा.’ दुकान बंद होईल का, कोर्टकचेरी होईल का, अपील करावं का, असं विचारलं आहे.

आकडे बघता खवेवाला बहुधा खरं बोलतोय आणि प्रयोगशाळेचंही चुकलेलं नाही. हे दोन्ही एकदम कसं खरं असतं ते खाली सांगतो. त्याआधी शेरा नीट वाचायला हवा, कारण पुढची सगळी वाट त्या एका शब्दावर ठरते.

अन्न सुरक्षा व मानदे कायदा, २००६ मध्ये नापास नमुन्याचे मुख्य तीन प्रकार आहेत. ‘कमी दर्जाचा’ म्हणजे ठरवून दिलेल्या मानकात बसत नाही, पण खाणाऱ्याला अपाय होईल असंही नाही. ‘मिथ्याछाप’ म्हणजे लेबलात खोट. ‘असुरक्षित’ म्हणजे आरोग्याला धोका. पहिल्या दोघांत कैद नाही, फौजदारी खटला नाही, फक्त पैशांचा दंड: कलम ५१ खाली कमी दर्जासाठी ५ लाखांपर्यंत, कलम ५२ खाली मिथ्याछापासाठी ३ लाखांपर्यंत. हे कमाल आकडे आहेत. आदेशातली रक्कम प्रकरण बघून ठरते. असुरक्षित शेरा आला की प्रकरण कलम ५९ खाली न्यायालयात जातं. कोणाला इजा झालेली नसली तरी तिथे ३ महिन्यांपर्यंत कैद आणि ३ लाखांपर्यंत दंड आहे (२०२३ च्या जनविश्वास कायद्यानंतरची ही तरतूद). खाणारा दगावला तर किमान ७ वर्षं, जन्मठेपेपर्यंत, आणि किमान १० लाख दंड. तुमचा शेरा पहिल्या प्रकारातला आहे. तेव्हा कोर्टाच्या भीतीने झोप उडवून घ्यायचं कारण नाही, मात्र नोटीस फायलीत सरकवून ठेवायचीही नाही.

आता २८.२ कडे येऊ. खव्याचं मानक असं: एकूण घन पदार्थ किमान ५५ टक्के, कोरड्या वजनावर दुधाचं फॅट किमान ३० टक्के, राख ६ टक्क्यांपर्यंत, आम्लता लॅक्टिक आम्लाच्या हिशेबात ०.९ टक्क्यांपर्यंत. वरून स्टार्च किंवा साखर घातलेली चालत नाही. ‘कोरड्या वजनावर’ हे शब्द महत्त्वाचे. पाणी वजा करून जे उरतं त्यात फॅट किती, हा हिशेब आहे. म्हणून ‘खवा ओला होता’, ‘नमुना वाळला’, ‘बर्फात ठेवला होता’ यातलं कोणतंही कारण इथे लागू पडत नाही. पाणी कमी-जास्त झालं तरी हा आकडा जागचा हलत नाही.

तो हलतो दुधामुळे. डेअरी गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरते. तेच दूध कढईत आटवा: ३.५ भागिले १२ (३.५ अधिक ८.५), म्हणजे २९.२ टक्के. डेअरीत पूर्ण दर मिळवणारं, पाण्याचा थेंब नसलेलं गाईचं दूध, आणि त्याचा खवा मानकात नापास! गाईच्या दुधाचं कायद्यातलं किमान मानक ३.२ आणि ८.३ आहे, त्याचा खवा तर २७.८ ला येतो. तुमचे २८.२ म्हणजे साधारण ३.३ फॅट, ८.४ एसएनएफचं दूध. बी.आर. रीडिंग मर्यादेत आहे, म्हणजे वनस्पती तेल किंवा डालडा मिसळल्याची खूण अहवालात नाही. स्टार्चही नाही. अंदाज असा की खवेवाल्याने संकरित गाईंचं दूध घेतलं, किंवा वरची थोडी साय काढली, किंवा दुधाची पावडर टाकली. तिन्हींचा परिणाम आकड्यावर सारखाच दिसतो.

खवेवाल्याला समजेल असा ठोकताळा: एसएनएफला ७ ने भागा, ३ ने गुणा, दुधाचं फॅट निदान तेवढं हवं. एसएनएफ ८.५ असेल तर फॅट ३.६५ च्या खाली नको. म्हशीच्या ६ फॅट, ९ एसएनएफच्या दुधाचा खवा ४० टक्क्यांना जातो, तिथे प्रश्नच येत नाही. निव्वळ म्हशीचं दूध परवडत नसेल, तर तीन लिटर गाईच्या दुधात एक लिटर म्हशीचं घातलं की आकडा ३२ च्या पुढे जातो. बरोबर ३० वर नेम धरू नका. कढईच्या कडेला चिकटून, खरवडीत, थोडं फॅट जातं आणि प्रयोगशाळेच्या मोजणीतही थोडा फरक पडतो. आणि पावडर? गाईच्या ३.५/८.५ दुधात चिमूटभर जरी स्किम पावडर गेली तरी नुसतं एसएनएफ वाढतं आणि फॅटचा टक्का आणखी खाली येतो.

हे समजलं की अपील करावं की नाही याचं उत्तर निम्मं मिळतं.

अपिलाची वाट अशी. विश्लेषकाच्या (प्रयोगशाळेत नमुना तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या) अहवालाविरुद्ध पदावधित अधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्याकडे जिल्ह्याच्या सहायक आयुक्त (अन्न) यांच्याकडे, फॉर्म ८ मध्ये अपील करता येतं. मुदत अहवालाची प्रत मिळाल्यापासून ३० दिवस. पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का किंवा हातात दिल्याची तुमची सही, जे असेल त्याची झेरॉक्स आजच काढा. तारखेचा वाद झाला तर तीच उपयोगी पडते. अपील मंजूर झालं तर जपून ठेवलेल्या भागांपैकी एक रेफरल प्रयोगशाळेत जातो (म्हैसूरची सीएफटीआरआय ही त्यांपैकी एक), आणि तिचा निष्कर्ष अंतिम.

माझं मत: २८.२ साठी अपिलात फारसा अर्थ नाही. दुसऱ्या भागातला खवा त्याच खेपेतला आहे, त्याचं फॅटही तेवढंच निघणार. उलट दुसऱ्या तपासणीत आणखी काही निघालं तर तेही अंतिम ठरतं. अपील करण्यासारखी प्रकरणं वेगळी असतात. आम्लता ०.९ च्या किंचित वर गेली असेल तर नमुना कोणत्या तारखेला पोचला आणि तोवर कसा ठेवला होता हे विचारण्यात दम आहे, कारण आम्लता साठवणुकीत वाढते. घन पदार्थ ५४.८ आले असतील तर मोजणीतल्या फरकाचा मुद्दा मांडता येतो. आणि फॅट २९.७, २९.८ असेल तरीही एकदा विचार करावा.

नमुना घेतला त्या दिवसाचे कागद मात्र तपासाच. अधिकाऱ्यांनी फॉर्म ५-अ ची नोटीस दिली का? साक्षीदाराची सही आहे का? नमुन्याचे पैसे चालू भावाने देऊन पावती घेतली का? चार भाग केले का? प्रत्येक भाग कागदात गुंडाळून, त्यावर पदावधित अधिकाऱ्यांची क्रमांकाची चिठ्ठी चिकटवून, दोरा बांधून लाखेचे निदान चार ठसे हवेत: एक वर, एक खाली, दोन अंगावर. तुमची सही अशी हवी की थोडी चिठ्ठीवर, थोडी कागदावर येईल, म्हणजे चिठ्ठी बदलता येत नाही. एक भाग विश्लेषकाकडे, दोन पदावधित अधिकाऱ्यांकडे जातात. चौथा भाग तुमचा हक्क आहे. तुम्ही लेखी मागितलं तर तो तुमच्या खर्चाने एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो, आणि दोन अहवालांत फरक पडला तर प्रकरण आपोआप रेफरलकडे जातं. बरेच दुकानदार गडबडीत ‘नको’ असं लिहून सही करतात, कारण समोर गिऱ्हाइकांची रांग असते. नंतर तो भाग मागून मिळत नाही. पुढच्या वेळी ‘हवा’ लिहा. फी वाचवण्यासाठी हा हक्क सोडू नये.

विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो उशिरा आला असेल तर खुलाशात (नोटिशीच्या लेखी उत्तरात) तारखा द्या, पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. नुसत्या उशिराने कमी फॅट भरून निघत नाही.

यापुढचा टप्पा न्यायनिर्णयाचा, म्हणजे दंड ठरवणाऱ्या अधिकाऱ्यापुढच्या सुनावणीचा. कायद्याने हा अधिकारी अपर जिल्हादंडाधिकाऱ्याच्या दर्जाखालचा नसावा लागतो. तुमच्या नोटिशीवर ज्यांचं पदनाम आहे त्यांच्यापुढे तारखा पडतील. स्वतः हजर राहता येतं, वकील देता येतो. पहिल्या सुनावणीपासून ९० दिवसांत आदेश व्हावा असा नियम आहे. इथे ‘साहेबांशी बोलून बघून घेतो’ म्हणणारे एजंट भेटतात. ते बघून घेईपर्यंत खुलाशाची तारीख उलटून जाते आणि एकतर्फी आदेश निघतो.

खुलाशात काय लिहायचं ते कलम ४९ वरून ठरवा. दंड किती, हे ठरवताना अधिकाऱ्याने काय बघायचं ते त्या कलमात आहे: चुकीतून किती फायदा उकळला, कोणाचं किती नुकसान झालं, चूक पहिलीच की पुन्हा पुन्हा, दुकानदाराला माहीत होतं का, आणि इतर संबंधित बाबी. लोक पानभर लिहितात की आमचं दुकान तीन पिढ्यांचं, पेढे परदेशात जातात, गिऱ्हाईक खूष आहे. त्याचा उपयोग शून्य. त्याऐवजी मुद्द्याला मुद्दा ठेवा. त्या दिवसाचा खवा अमुक बिलाने, अमुक भावाने घेतला, तो नेहमीच्याच भावाचा आहे, म्हणजे हलका माल स्वस्तात घेतलेला नाही. अहवालात परकं फॅट किंवा स्टार्च नाही, म्हणजे भेसळ नाही. आधीचा एकही आदेश नाही. आणि नोटीस आल्यावर काय बदललं: खवेवाल्याकडून दुधाचा प्रकार लिहून घेतला, दुसऱ्या खेपेचा खवा एनएबीएल प्रयोगशाळेत तपासला, हा त्याचा अहवाल. हा शेवटचा कागद खुलाशात सर्वांत वजनदार ठरतो.

आता खवेवाला. कलम २६(४) म्हणतं की माल विकताना विकणाऱ्याने लेखी हमी द्यायची असते, आणि साधं बिल किंवा कॅश मेमोसुद्धा हमी मानला जातो. म्हणजे त्याने बिल दिलं असेल तर ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणायची सोय त्याला नाही. खुलाशासोबत बिलाची प्रत आणि त्याचा परवाना किंवा नोंदणी क्रमांक द्या, म्हणजे त्यालाही या प्रकरणात उत्तर द्यावं लागण्याची वाट उघडते. योग्य ती सगळी काळजी घेतली हे दाखवणं, हा कलम ८० खालचा बचाव आहे. तोही बिलाशिवाय उभा राहत नाही. सातारा-सांगलीकडे खव्याचा व्यवहार अजून वहीत आकडा लिहून चालतो: ‘रविवारी १८ किलो, बाकी ४ हजार.’ त्या वहीला इथे कोणी हमी मानणार नाही. वर परवान्याची अटच आहे की माल परवानाधारक किंवा नोंदणीकृत व्यावसायिकाकडूनच घ्यायचा आणि नोंद ठेवायची. बिल नसेल तर कमी फॅटसोबत ही दुसरी चूकही तुमच्याच अंगावर येते.

खवेवाल्याचा क्रमांक १४ अंकी असतो; परवान्याचा १ ने सुरू होतो, नोंदणीचा २ ने. फॉस्कॉस या अन्न परवान्यांच्या सरकारी पोर्टलवर तो टाकून नाव आणि पत्ता जुळतो का, क्रमांक चालू आहे का, एवढं पाहायला दोन मिनिटं लागतात. नोंदणी पुरते की परवाना लागतो, हे उलाढालीवर ठरतं. २०११ च्या विनियमांत नोंदणीची मर्यादा वर्षाला १२ लाख होती. मर्यादा आणि फी बदलत असतात, तेव्हा अर्जाच्या दिवशी पोर्टलवर जे दिसेल तेच धरा, शेजारच्या दुकानदाराने सांगितलेलं धरू नका. पेढे तुम्ही तयार करता, त्यामुळे तुमच्या क्रमांकावर ‘उत्पादन’ हा प्रकार असायला हवा. नुसत्या किरकोळ विक्रीच्या परवान्यावर भट्टी चालवणं ही तपासणीत निघणारी नेहमीची चूक आहे.

दुकान बंद होण्याबद्दल: कमी दर्जाच्या एका अहवालावर दुकानाला कुलूप लागत नाही. त्यासाठी वाट वेगळी आहे. स्वच्छतेच्या किंवा परवान्याच्या अटी मोडल्या असतील तर कलम ३२ खाली सुधारणा नोटीस येते. तीत काय सुधारायचं आणि किती दिवसांत ते लिहिलेलं असतं, आणि ती मुदत १४ दिवसांपेक्षा कमी नसते. ती पाळली नाही तर परवाना निलंबित होतो, नंतर रद्द. त्यावर आयुक्तांकडे अपील करायला फक्त १५ दिवस मिळतात, ३० नाही. ही गल्लत बरेच जण करतात. आरोग्याला तातडीचा धोका दिसला तर कलम ३४ खाली ताबडतोब मनाई येऊ शकते, पण २८.२ टक्के फॅट त्यात बसत नाही.

मात्र नमुना नापास झालेल्या दुकानाची पुन्हा तपासणी होते, हे धरून चला. पेढ्याच्या भट्टीत हमखास लिहिलं जातं ते हे: छतावरची काजळी, उघडी परात, कारागिरांची वैद्यकीय प्रमाणपत्रं वर्षभरापूर्वीची, पाण्याचा तपासणी अहवाल नाही, मागच्या दाराला जाळी नाही, खवा फ्रीजमध्ये असला तरी तिथे थर्मामीटर नाही (५ अंशांच्या आत हवा). काउंटरवर सुट्ट्या मिठाईच्या ट्रेला ‘कोणत्या तारखेपर्यंत उत्तम’ ही पाटी हवी; ती १ ऑक्टोबर २०२० पासून सक्तीची आहे. बिलावर १४ अंकी क्रमांक हवा, तो १ जानेवारी २०२२ पासून. पेढे वर्तमानपत्रात बांधून देणं बंद. शेव, फरसाण तळत असाल तर तेलातली टोटल पोलर कंपाउंड्स (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणारे खराब घटक) २५ टक्क्यांवर गेली की ते तेल टाकायचं. रोज ५० लिटरहून जास्त तेल लागत असेल तर त्याची नोंदवही ठेवायची.

एक बारकावा खास पेढेवाल्यांसाठी. साखर मिसळलेला, अर्धवट भाजलेला खवा पातेल्यात झाकून ठेवला असेल आणि त्यावर काहीच लिहिलेलं नसेल, तर अधिकारी तो ‘खवा’ म्हणून घेऊ शकतात. साखर आहे म्हणून तो खव्याच्या मानकात नापासच होणार. पातेल्यावर ‘पेढ्याचे मिश्रण, साखर घातलेले’ अशी चिठ्ठी, तारखेसह, लावा. त्याचप्रमाणे सणासुदीला ‘स्पेशल बर्फी’ किंवा ‘मिठा मावा’ नावाचा माल टेम्पोने येतो, किलोमागे बराच स्वस्त. त्यात बहुतेक वेळा दुधाची पावडर, वनस्पती तेल आणि साखर असते. तो खवा नाही, आणि त्याचे केलेले पेढे खव्याचे म्हणून विकले तर प्रकरण कमी फॅटपाशी थांबत नाही.

खवा घेताना दारात करायची तपासणी अशी. चमचाभर खवा पाण्यात उकळा, गार करा, आयोडीनचा थेंब टाका. निळा झाला तर स्टार्च आहे. फॅट मात्र डोळ्यांनी कळत नाही. तळव्यावर चोळून तूप सुटलं म्हणजे खवा चांगला, ही जुनी परीक्षा ३५ आणि २९ मधला फरक दाखवत नाही, आणि वनस्पती तेल घातलेला खवाही तितकंच ‘तूप’ सोडतो. म्हणून दर पुरवठादाराचा एक नमुना निदान सणाच्या महिनाभर आधी प्रयोगशाळेत द्या. फॅट, घन पदार्थ आणि बी.आर. रीडिंग एवढ्याच तीन चाचण्या मागा, सगळं पॅकेज घेऊ नका. बिलावर ‘म्हशीच्या दुधाचा खवा’ किंवा ‘मिश्र दुधाचा खवा’ लिहून घ्या. प्रत्येक खेपेतला पावशेर डीप फ्रीजरमध्ये वेगळा ठेवा, चिठ्ठीवर तारीख, पुरवठादार, बिल क्रमांक. वहीत एक रकाना वाढवा: या खव्याचे पेढे कोणत्या तारखेला झाले. पुढे तक्रार आली तर शंभर किलो माल परत घ्यायचा की आठ, हे या रकान्यावरून कळतं.

न्यायनिर्णयाचा आदेश मान्य नसेल तर अन्न सुरक्षा अपील न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत जाता येतं. दंड भरायचाच ठरवलात तर मुदतीत भरा. थकला तर कलम ९६ खाली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल होतो आणि भरेपर्यंत परवाना निलंबित राहतो. खुलासा दोन प्रतींत न्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. टपालाने पाठवणार असाल तर स्पीड पोस्टची पावती त्याच प्रतीला टाचून ठेवा.